शाकारणीचा महिना हलला: कोकणातल्या एका जांभ्याच्या देवळाचं प्रकरण

पार्श्वभूमी

रायगड-रत्नागिरीच्या सीमेवर खाडीकाठी एक गाव आहे. नाव देत नाही, देवस्थान समितीशी तसंच ठरलंय आणि ओळख पटेल असे तपशीलही थोडे इकडचे तिकडे केलेत. या गावच्या ग्रामदेवतेच्या देवळाच्या दुरुस्तीत आमची टीम होती. बदलतं हवामान आणि जुन्या इमारती असा विषय निघाला की सगळे अजिंठा, रायगड, विजयदुर्ग असं बोलायला लागतात, ते बरोबरच आहे, पण कोकणात जी देवळं कुठल्याच यादीत नाहीत ती सगळ्यात आधी जातायत आणि त्यांची बातमीसुद्धा होत नाही, म्हणून हे एक प्रकरण सविस्तर लिहितोय.

देऊळ साधंच. गाभारा आणि सभामंडप जांभ्याच्या चिऱ्यांचा, भिंती दोन फुटांच्या आसपास जाड, आतबाहेर चुन्याचा गिलावा, वर लाकडी वासे आणि कौलं, तीन बाजूंना उतरती पडवी. बांधल्याचं साल कुठे कोरलेलं नाही, पण सभामंडपाचे सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब बघितले की पेशवाईतल्या वाड्यांची आठवण येतेच. देऊळ राज्य पुरातत्त्वच्या यादीत नाही, केंद्राच्याही नाही, त्यामुळे ठेवायचं की पाडायचं हे गावकी ठरवणार.

आता महत्त्वाचं. हे देऊळ इतकी वर्षं टिकलं ते दगड मजबूत म्हणून नाही. जांभा तसा मऊच दगड आहे, सच्छिद्र, खाणीतून काढला की हवेवर वरचं कवच कडक होतं आणि ते कवच गेलं की आतली माती पावसाबरोबर वाहून जाते. देऊळ टिकलं ते त्याच्या वर्षभराच्या वेळापत्रकामुळे. दिवाळी झाली की भिंतींची डागडुजी काढायची, म्हणजे थंडीभर चुना सावकाश घट्ट होतो. शिमग्याला पालखी निघायच्या आत सफेदी. वैशाखात कौलं उतरवून शाकारणी, फुटकी काढायची, वासे बघायचे, आणि शेवटी पश्चिमेच्या भिंतीला माडाच्या झापांची झड बांधायची, मग मृगाचा पाऊस कितीही आडवा येऊ दे. हे सगळं कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, गुरव काकांना पाठ होतं आणि त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांना.

नव्वदच्या दशकात यातलं बरंच थांबलं कारण माणसं मुंबईला गेली. झड बंद झाली. त्याच्या बदल्यात बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट आला, काही वर्षांनी आवारात पेव्हर ब्लॉक बसले, शेजारून सिमेंटचा रस्ता गेला जो जोत्यापेक्षा थोडा उंचच झाला. प्रत्येक वेळी हेतू चांगलाच होता, देवाचं काम म्हणून लोकांनी वर्गणी काढून केलेलं होतं.

समस्या

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोली या पट्ट्याची काय अवस्था झाली ते सगळ्यांना माहीत आहे. या देवळाची पश्चिमेकडची बहुतेक कौलं उडाली, एक फणस पडवीवर पडला. लॉकडाऊन चालू होता, कौलं मिळेनात, पत्र्याचे भाव वाढलेले, सुतार स्वतःच्या घरावर ताडपत्री बांधत होता. त्यात वादळानंतर मान्सून यायला वेळ लागला नाही, त्यामुळे तो अख्खा पावसाळा सभामंडप अर्धवट ताडपत्रीखाली गेला. वर्षभरात मे २०२१ मध्ये तौक्ते समुद्रातून वर सरकत गेलं, तेव्हा नवीन बसवलेल्या काही ओळी पुन्हा निघाल्या. मग आला जुलै. २२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेलं, तळियेला दरड आली. या गावात पूर आला नाही पण देवळामागचा पऱ्या, म्हणजे ओढा, आवारात शिरला आणि पेव्हरवर पाणी साचून राहिलं, बाहेर जायला वाट कुठेच नव्हती.

आम्ही बघायला गेलो तेव्हा भिंत वरवर ठीक दिसत होती, ऑइलपेंट चकचकीत होता. ठोकून बघितलं तर काही ठिकाणी पोकळ आवाज. जोत्याच्या वर गुडघ्याएवढ्या उंचीवर एक तुकडा काढला, सिमेंट वहीच्या पुठ्ठ्यासारखं सलग निघून आलं आणि मागचा चिरा बोटानं उकरता येत होता, ओलसर लालसर भुगा, त्यात मिठाचे पांढरे कण. गुरव काका शेजारी उभे होते, त्यांनी तो भुगा हातात घेतला आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला. आत गाभाऱ्याच्या बाजूला लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीवर फुटणारं मीठ, कमरेच्या वर चढलेला होता.

हे कसं झालं ते नीट समजून घ्यायला हवं कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर आहेत. चुन्याच्या भिंतीत पाणी जातं आणि बाहेरही येतं. सिमेंट आणि ऑइलपेंटमधून ते बाहेर येत नाही, पण भेगेतून आणि खालून जोत्यातून आत जातच राहतं, म्हणजे ओल्या अंगावर रेनकोट घातल्यासारखं. खाडीचं खारं वारं आहेच. मीठ पाण्यात विरघळून भिंतीत फिरतं आणि भिंत वाळली की स्फटिक होतं, होताना फुगतं आणि दगडाची छिद्रं आतून फोडतं. भिंत जितक्या वेळा ओली होऊन वाळेल तितक्या वेळा हे होणार. पूर्वी कोकणात चार महिने ओल आणि आठ महिने कोरडं असा एक मोठा फेरा होता. आता पावसात मध्येच कडक उन्हाचे लांब खंड पडतात, मग एका दिवसात महिन्याचा पाऊस, मग ऑक्टोबरात क्यारसारखं वादळ दिवाळी ओली करतं (२०१९ ला झालं), मग डिसेंबरात अवकाळी. फेरे वाढले. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या टीमचा २०१७ चा अभ्यास आहे, त्यात १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्रही येतो, मोठ्या भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्याचं दिसतं. अरबी समुद्र तापतोय आणि वादळं वाढतायत हेही आता सर्वमान्य आहे.

माझं मत स्पष्ट आहे, हवामानानं एकट्यानं हे देऊळ खराब केलं नाही. सिमेंट, पेव्हर, उंच रस्ता हे आधीपासून होते. पण जुन्या पावसात ही भिंत आणखी बरीच वर्षं कुरकुरत टिकली असती, नव्या पावसानं तिला ती वर्षं दिली नाहीत.

समोर असलेले पर्याय

गणपतीत मुंबईकर मंडळी गावात असतात म्हणून तेव्हा बैठक झाली. चार बाजू पुढे आल्या.

पहिली आणि सगळ्यात जोरदार, पाडून आरसीसी देऊळ. मुंबईकर मंडळाच्या अध्यक्षांचं म्हणणं चुकीचं म्हणता येत नाही. ते म्हणाले, "दरवर्षी कौलं परतायला माणूस कुठून आणणार? पोरं विरार-नालासोपाऱ्याला. एकदाच काय तो स्लॅब टाकू, पन्नास वर्षं बघायला नको." वर्गणीसुद्धा नवीन देवळासाठी पटकन जमते, दुरुस्तीसाठी जमत नाही, हे कोकणातल्या कुठल्याही समितीला विचारा.

दुसरी, जुन्या देवळावर लोखंडी सांगाड्याची पत्र्याची शेड. स्वस्त, लवकर होणारी. पण उघड्या शेडमध्ये आडवा पाऊस येतोच, आणि निसर्गच्या वेळी पत्रे कुठे कुठे जाऊन पडले होते ते सगळ्यांनी बघितलेलं.

तिसरी बाजू गावातल्या तरुणांची, सगळा गिलावा काढून चिरा उघडा ठेवू, जुना लुक येईल, फोटो छान येतील. इथे मला जुन्या गोव्याचं उदाहरण द्यावं लागलं. बॉम जीझस बॅसिलिका १६०५ साली पूर्ण झाली, तीही जांभ्याची आणि गिलाव्यातलीच. १९५० च्या दशकात बाहेरचा गिलावा काढून टाकला आणि आज लोकांना वाटतं ती मुळातच लाल आहे. गेल्या काही वर्षांत तिथल्या धर्मगुरूंनीच जाहीरपणे सांगितलंय की उघडा जांभा पावसानं झिजतोय, गिलावा परत करा. जागतिक वारशातल्या वास्तूची ही गोष्ट असेल तर आपल्या देवळाला कोण बघणार, असं म्हटल्यावर पोरांनी विषय सोडला, आणि नंतर हीच पोरं कामाला सगळ्यात जास्त आली.

चौथी, पाण्याची वाट आधी, मग छप्पर, मग सिमेंट काढून पुन्हा चुना.

पहिला निर्णय

स्लॅबच्या बाजूनं बैठक जवळजवळ गेलीच होती. ती फिरली ती गुरव काकांमुळे. ते सहसा बैठकीत बोलत नाहीत. म्हणाले, "भाऊ, शेजारच्या गावात स्लॅब टाकून किती वर्षं झाली? आणि गळतंय ना? सळ्या दिसायला लागल्यात वर." खरंच दिसत होत्या. खाडीच्या हवेत स्लॅबच्या भेगेतून खारी ओल आत गेली की सळी गंजते, गंज फुगतो आणि काँक्रिटचे पोपडे पडतात, पन्नास वर्षांचा हिशोब या हवेत बसत नाही. लोक दुसऱ्या दिवशी जाऊन तो स्लॅब बघून आले. तज्ज्ञाचा रिपोर्ट जे करू शकला नसता ते त्या गंजक्या सळ्यांनी केलं.

चौथा पर्याय मंजूर झाला पण अट घालून, एक वर्ष बघू, नाही जमलं तर स्लॅब. अध्यक्षांनी ती अट इतिवृत्तात लिहून घेतली.

केलेली कामं

सुरुवात भिंतीपासून न करता जमिनीपासून केली. भिंतीलगतचे पेव्हर उचलले, तिथे जांभ्याची खडी भरली, कारण कडक फरशीवर पागोळी पडली की पाणी उसळून परत भिंतीवरच येतं. पागोळीच्या रेषेत जुना दगडी चर सापडला, मातीनं बुजलेला, कुणालाच आठवत नव्हता. तो मोकळा करून पऱ्याला जोडला. रस्त्याच्या कडेनं ग्रामपंचायतीकडून एक आडवी मोरी करून घेतली, यासाठी मात्र खूप मागे लागावं लागलं.

छपरासाठी कुजलेल्या वाशांची भिंतीतली टोकं कापून नवीन लाकूड सांधलं. मंगळुरी कौलाला मागे तारेसाठी भोक असतं, बहुतेक ठिकाणी कुणी वापरत नाही. कडेच्या आणि आढ्याच्या ओळी तांब्याच्या तारेनं बांधल्या, वादळात कौलं उडायला सुरुवात तिथूनच होते. पश्चिमेची वळचण थोडी पुढे वाढवली.

सिमेंट काढायचं काम हळू चाललं, मशीन वापरू दिलं नाही, छिन्नी-हातोड्यानं तुकडा तुकडा. भुगा झालेले चिरे बदलले. कळीचा चुना खड्ड्यात भिजवून मुरवला, बाजारातली फक्की वापरली नाही. गिलाव्यात गूळपाणी, हिरडा आणि ताग. आमच्या भागात चुन्याचं काम येणारे गवंडी दोनच मिळाले, दोघेही वयस्कर.

दुसरा निर्णय

पूर्वेची आणि दक्षिणेची भिंत नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. पश्चिमेला नुकताच हात मारला होता आणि १ डिसेंबरला अवकाळी पाऊस आला, मुंबईपासून खाली सगळीकडे. डिसेंबरात कोकणात असा पाऊस. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, त्याला आठवडे लागतात, पश्चिमेचा गिलावा ओलाच होता, तो ओघळून जोत्यावर आला. पांढरं पाणी अंगणभर.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या दिवशी जे झालं ते मी समजू शकतो. लोकांचे पैसे होते. चुना कच्चा आहे, हे जुनंपुराणं आता चालत नाही, सिमेंट असतं तर दुसऱ्या दिवशी घट्ट झालं असतं. आणि यातलं शेवटचं वाक्य खरं आहे! सिमेंट कोकणात का जिंकलं याचं उत्तर त्या एका वाक्यात आहे, कोरडे दिवस भरवशाचे राहिले नाहीत की माणूस लवकर सुकणारी वस्तू धरतो. जी वस्तू भिंतीला मारते तीच बदललेल्या हवामानात जास्त सोयीची वाटते, आणि हा पेच या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे.

ठेकेदारानं मधला मार्ग सुचवला, चुन्यात थोडं सिमेंट टाकू. बरेच जण करतात. पण मग पुन्हा भिंतीचा श्वास कमी होतो आणि सिमेंटमधले क्षार नव्यानं भिंतीत जातात. पर्याय होता सुरखीचा. कमी भाजलेल्या विटांची बारीक पूड चुन्यात मिसळली की तो ओलाव्यातही घट्ट होतो आणि हवेची वाट बघत बसत नाही. जुन्या टाक्या, हौद असेच तर बांधलेत. शेवटी असं ठरलं की पश्चिमेची भिंत फेब्रुवारीपर्यंत थांबवायची, तोपर्यंत गोणपाट आणि ताडपत्री, मग चुना-सुरखी, आणि बांबूच्या परांचीवर वरून आच्छादन ठेवूनच काम, पाऊस असो नसो. समितीत यावर मतदान झालं आणि ठराव थोडक्या मतांनी टिकला.

परिणाम

२०२२ चा पावसाळा गेला तेव्हा आवारात पाणी साचलं नव्हतं, एवढं एक काम शंभर टक्के जमलं. गिलावा टिकला. लोणा मात्र वाढल्यासारखा दिसायला लागला आणि पुन्हा फोन सुरू झाले. सिमेंटमागे कोंडलेलं मीठ भिंत वाळताना बाहेर येत होतं, म्हणजे जे व्हायला हवं तेच, पण दिसायला वाईट. पाण्यानं धुवायचं नाही, कोरड्या ब्रशनं झाडून गोळा करून लांब टाकायचं, हे तरुण मंडळींनी आपल्याकडे घेतलं. २०२४ पर्यंत आतली ओल बरीच खाली उतरली. पश्चिमेच्या भिंतीच्या खालच्या दोन थरांवरचा गिलावा खराब झालाय, तो बदलावा लागेल आणि पुढेही लागत राहील, झिजायचं कामच त्याचं आहे, चिऱ्याऐवजी तो झिजतो.

स्लॅबची अट अजून इतिवृत्तात आहे, कुणी काढलेली नाही.

मग मे २०२५. शाकारणी नेहमीप्रमाणे मेच्या शेवटच्या आठवड्यात ठरवलेली, माणसं सांगून ठेवलेली. वीस तारखेच्या आसपासच पाऊस सुरू झाला आणि २५ ला मान्सून कोकणात आल्याचं जाहीर झालं, २६ ला मुंबईत, नेहमीची तारीख ११ जून. एका बाजूची कौलं खाली उतरलेली होती. पश्चिमेच्या कामाची आच्छादनं समितीनं टाकून दिली नव्हती, पोरांनी पावसात चढून ती बांधली, म्हणून लाकूड वाचलं. सभामंडपाची एक भिंत आतून भिजली आणि लोणा पुन्हा थोडा वर चढला.

काय वेगळं करता आलं असतं

डिसेंबर २०२१ चं नुकसान टाळता आलं असतं. काम पूर्वेकडून पश्चिमेकडे नेलं कारण परांची तशी लावायला सोपी पडत होती. पश्चिमेची भिंत सगळ्यात जास्त मार खाणारी, तिला सगळ्यात भरवशाचे दिवस म्हणजे फेब्रुवारी-मार्च द्यायला हवे होते, आणि आच्छादनाचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात हवा होता. आता कोकणात चुन्याचं काम बिनाआच्छादनाचं धरूच नये.

लोणा दिसणार हे गावाला आधी सांगायला हवं होतं, फोटो दाखवून. भिंतीच्या दुरुस्तीइतकंच ते समजावणं गरजेचं आहे, नाहीतर बरी होणारी भिंत बिघडतेय असं वाटून लोक पुन्हा ऑइलपेंट आणतात.

तिसरी गोष्ट शाकारणीची. २०२० पासून मे-जूनचा हा काळ तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी धोक्याचा ठरला होता तरी तारीख कुणी हलवली नाही, कारण ती नेहमीचीच तारीख. गेल्या बैठकीत ठरलं की शाकारणी शिमग्यानंतर लगेच, पालखी देवळात परत आली की दोन दिवसांत. तेव्हा मुंबईकर गावातच असतात, त्यामुळे माणसांचा प्रश्नही सुटतो, अध्यक्षांनीच ही सूचना केली. गुरव काकांची हरकत एकच होती, चैत्र-वैशाखात आंबा-काजूला वानरं उतरतात आणि परतलेली कौलं फोडतात, मार्चमध्ये केलेलं मेपर्यंत टिकायचं कसं. म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यात छपरावर फक्त फुटकी कौलं बदलायला एक फेरी, त्यासाठी गावात राहणाऱ्या चार जणांची नावं लिहून घेतलीत आणि कौलांचा साठा पडवीत आधीच आणून ठेवायचाय. झड पुन्हा बांधायची का यावर एकमत झालेलं नाही, झापं विणणारी फक्त एक आजी उरलीय, तिच्याकडून दोघींनी शिकायचं कबूल केलंय.